मागचं वजन

भैरूच्या ट्रॅक्टरवर मागे चंपा बसलेली असते, याचं धायरीत कुणाला नवल राहिलं नव्हतं. नांगर जोडायच्या दोन लोखंडी दांड्यांवर फळी टाकलेली आणि त्या फळीवर ती. शेत होतं तेव्हा ती शेतावर जाण्यासाठी बसायची. पुढे शेताच्या जागी सोसायटी उभी राहिली, ट्रॅक्टरला पुढून लोडर लागला, भैरू बाणेरच्या बाजूला आयटीवाल्यांच्या काचेच्या इमारतींवर फरशा उचलायला जाऊ लागला, आणि मागे बसणं हेच चंपाचं काम झालं. लोडरने पुढे ओझं उचललं की मागची चाकं जमीन सोडू बघायची. ती टेकलेली राहावीत म्हणून चंपा. बायको अंगाने भरलेली आहे हे बरंच झालं, असं भैरू चारचौघांत सांगायचा आणि आपण तिचं कौतुक करतोय अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

नुसतं बसायचं काम ऐकायला फार सुखाचं वाटतं. करून बघावं एकदा. इंजिनाची थरथर कण्यातून वर चढायची ती घरी भाकरी थापतानाही हातातून जायची नाही. मागचं चाक वितभर उचललं की ती फळीची कड घट्ट धरायची, आणि ते धपकन खाली आलं की कंबरेतून कळ निघायची. एकदा तर ती फळीवरून घसरून चाकाच्या अगदी शेजारी पडली होती. भैरूने वरूनच विचारलं, “लागलं का?” ती नाही म्हणाली आणि पुन्हा चढली. तेव्हा तिला भीती वाटली होती. आता भीतीचाही कंटाळा आला होता. तिला खाली उतरायचं होतं, एवढंच. कायमचं.

त्या साली इमारतवाल्यांनी साध्या फरशा सोडून ग्रॅनाइट मागवलं. लोडर अडून बसला. कुणीतरी भैरूला सांगितलं की प्रेशरच्या व्हॉल्व्हमध्ये स्प्रिंगखाली एक वायसर सरकवला की जोर वाढतो. तो ट्रॅक्टर घेऊन वारज्याला रहीमभाईच्या गॅरेजवर गेला. मागे अर्थात चंपा होतीच.

“एक वायसर टाका फक्त,” भैरू म्हणाला. “उद्या कामावर जायचं हाय.”

रहीमभाईने लोडरला एक चक्कर मारली. तेलाच्या होज पाइपवरून बोट फिरवलं, लोडरच्या लोखंडी हाताची एक पिन हलवून बघितली. ती खडखडली.

“वायसर टाकतो की,” तो म्हणाला. “मग हा पाइप फुटंल, नाहीतर हा हात वाकंल. आधी काय होईल, तेवढं आपण पैज लावून बघू.”

“मग जोर वाढवायचाच न्हाई का?”

“वाढवायचा, पण सगळ्यांचा मिळून. सिलिंडर जाड घालू, म्हणजे प्रेशर तेवढंच ठेवून जास्त उचलंल. वर जायला वेळ लागंल, तेवढी कळ काढा. पाइप नवीन, पिना नवीन, हाताला पट्टी मारू. आणि मागे वजन. आत्ता मागे काय लावता?”

“ही बसते ना,” भैरू म्हणाला.

रहीमभाईने चंपाकडे बघितलं. चंपा जमिनीकडे बघत राहिली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं ती बसत होती, पण कुणी असं विचारलं नव्हतं आणि त्याचं उत्तर म्हणून कुणी तिच्याकडे बोट दाखवलं नव्हतं.

“वहिनी, उतरा खाली,” रहीमभाई म्हणाला. “मागे काँक्रीटची पेटी लागल्याशिवाय मी एक बोल्टही फिरवणार नाही.”

भैरू कुरकुरला. पेटी कुठे न्यायची म्हटलं तरी ओझंच, बायको निदान स्वतः चढते-उतरते. पण ग्रॅनाइट काही त्याच्या कुरकुरीने हलणार नव्हतं. तो कबूल झाला. रहीमभाईने लोखंडी पेटी जोडून दिली आणि तिच्यातलं काँक्रीट चंपाने स्वतः कालवलं. घमेली उचलताना तिची कंबर बोंबलत होती, तरी तिने भैरूला फावड्याला हात लावू दिला नाही. वरचा थर थापीने गुळगुळीत केला आणि नंतर रोज त्यावर पाणी मारत राहिली. इतक्या मायेने तिने घराचा ओटाही सारवला नसेल.

ट्रॅक्टर परत देताना रहीमभाईने भैरूला दोनदा बजावलं. पाच फरशा, सहावी नाही. मागे वजन वाढवलं म्हणजे पुढे वाटेल तेवढं उचलायचं असं नसतं, पुढचा आस मोडतो. भैरूने मान हलवली. त्याची मान हलायला कधीच त्रास देत नसे.

दुसऱ्या दिवशी पाच फरशा लोण्यातून सुरी जावी तशा उचलल्या गेल्या. मागची चाकं हलली नाहीत. चंपा बाजूला उभी होती, रिकाम्या हाताने, आणि पायाखाली काहीच थरथरत नव्हतं. तिला रडू येईल असं वाटलं, पण रडायलाही अंगात थोडं त्राण लागतं.

मग साइटवरचा दिग्विजय आला. नवा इंजिनिअर, डोक्यावर पिवळं हेल्मेट.

“काका, सुपर! नेक्स्ट राउंडला सात घ्या ना. आज फ्लोअर कम्प्लीट करायचाय.”

सात फरशा रचल्या गेल्या. भैरूने दांडा ओढला. ओझं उचललं, आणि मागचं चाक पेटीसकट जमिनीवरून सुटलं. भैरूने घाईने ओझं खाली टेकवलं, मागे वळला आणि अगदी सहज म्हणाला, “चढ गं जरा पेटीवर.”

चंपा बघत राहिली. त्याच्या तोंडावर ना लाज होती, ना दुष्टपणा. पेटी आली म्हणून ती उतरली नव्हतीच. त्याच्या हिशेबी आता दोन वजनं झाली होती.

ती निघाली. पण मागे न जाता लोडरच्या पुढे आली आणि पदर सावरून सात फरशांच्या चवडीवर बसली.

“हे काय गं?”

“वजनच हाय ना मी? मग हितं बसते. उचला.”

“उतर. लोक बगत्यात.”

“बगू द्या.”

“मावशी, प्लीज, टाइम वेस्ट होतोय,” दिग्विजय म्हणाला.

चंपाने त्याच्याकडे बघितलंही नाही. ती ओरडली नाही, भांडली नाही. तिला भांडायचा कंटाळा होता. उन्हात तापलेलं ग्रॅनाइट चटके देत होतं आणि ती जागची हलत नव्हती. भैरूने दांड्यावर हात ठेवला. बायको वर बसलेली असताना तो ओढणं त्याला जमेना. त्याने इंजिन बंद केलं.

“उतरा खाली, अवो,” चंपा म्हणाली. “दोन फरशा काढा. मग उठते.”

तो उतरला. त्याने वरच्या फरशीचं टोक धरलं तेव्हाच ती उठली. एकट्याने ती हलेना, म्हणून त्याने सवयीने चंपाकडे बघितलं. चंपा पाठमोरी होऊन चालू लागली होती. शेवटी दिग्विजयने दुसरं टोक धरलं.

पाच फरशा वर गेल्या. भैरूला खरंच बरं वाटलं. तो मोठ्याने म्हणाला, “बघ गं, मागचं हाललं बी न्हाई!”

सिमेंटच्या पोत्यांच्या सावलीत चंपा जमिनीवर आडवी झाली होती. इंजिन जवळच धडधडत होतं. ती गाढ झोपली होती.