चौथ्या पाळीची रेघ

त्या हिवाळ्यात तृप्तीकडे दोनच गोष्टी रोज न चुकता यायच्या. संगणकाच्या पडद्यावरची एक आगाऊ रेघ, आणि बाबांचा मिस्ड कॉल. रेघ तिला नको होती. मिस्ड कॉल हवा होता, पण खरं तर तिला बाबाच हवे होते. सुरगाण्याकडचं घर बंद करून त्यांनी आपल्याकडे राहायला यावं, एवढं एकच मागणं ती आई गेल्यापासून करत होती.

गंगापूर रोडच्या त्या फ्लॅटमध्ये दोन खोल्या, दोन गाद्या आणि एकटी तृप्ती. कंपनीची लॅब जवळच होती, पण तिथली माणसं एकेक करून बंगळूरला गेली आणि किल्ली हिच्या गळ्यात पडली. वॉचमनला नमस्कार केला की दिवसाचं बोलणं संपलं. अशा घरात माणूस कुकरच्या शिट्टीलाही ‘हो, आले’ म्हणायला लागतं. तृप्ती म्हणायची.

बाबांच्या, म्हणजे भिकाच्या, पाड्यावर रेंज नव्हती. सकाळी गुरं सोडली की ते टेकडीवर चढायचे आणि तिथून फोन लावायचे. आता बोलायला वेगळे पैसे पडत नाहीत हे तिनं कितीदा सांगितलं, पण पाड्यावरची सवय ती सवय. बापलेकीचा ठराव होता. एकदा वाजवून कापला, तर सगळं ठीक, उचलायचा नाही. “आन निघायचं ठरलं, तं पुरा वाजू देईन,” बाबा म्हणाले होते. “मंग समज, बा जीपमधी बसला. तू पेठ नाक्यावर ये.” निघायचं कधी, तर ‘भात झोडून झालं की बघू’. हे ‘बघू’ ऐकून तृप्तीला रडूही यायचं आणि रागही.

हा फोन यायचा नेमका बंगळूरच्या मीटिंगमध्ये. टीमचा मुख्य रोहित हसून म्हणायचा, “तृप्ती, तुझा गजर झाला.” सगळे हसायचे. हिलाच मेलीला लाज वाटली, आणि एक दिवस तिनं त्या एका नंबरची रिंग बंद करून टाकली. संध्याकाळी पडद्यावर ‘बाबा, मिस्ड कॉल’ दिसलं की झालं. सगळं ठीक.

आता त्या रेघेचं. रेडिओचा सिग्नल इतका झपाट्यानं हलतो, की तो मोजून आकड्यांत मांडणं एका मोजणाऱ्याला झेपत नाही. म्हणून चिपमध्ये चार मोजणारे बसवतात आणि ते पाळीपाळीनं मोजतात. एका उखळात चार बायका पाळीनं मुसळ घालतात ना, तसंच. पण चौघींचा हात कधी सारखा असतो का? आई, काकू, आत्या कांडायला बसल्या की घरात झोपलेल्या तृप्तीला नुसत्या आवाजावरून आईचा हात ओळखू यायचा. चिपमध्ये मात्र ही ओळख म्हणजे दोष. इथं चौथा दर वेळी कणभर जास्त सांगायचा, आणि त्याच्या फेरीच्या ठेक्यावर नसलेल्या सिग्नलची एक रेघ पडद्यावर उभी राहायची.

तृप्तीनं दुरुस्तीचा प्रोग्रॅम लिहिला. चौघांवर लक्ष ठेव, ज्याच्या पाळीला तेच ते जादा येतं तो त्याचा दोष समज आणि वजा कर. महिनाभर झटल्यावर रेघ गेली. रोहितनं सगळ्यांसमोर शाबासकी दिली. येताना तिनं पेढे घेतले. एक वॉचमनला दिला, एक स्वतः खाल्ला, उरलेले फ्रीजमध्ये ठेवले. फोनवर नेहमीसारखं ‘बाबा, मिस्ड कॉल’ होतंच.

दुसऱ्या दिवशी रोहितचा आवाज उतरलेला होता. ग्राहकानं मुद्दाम त्याच जागी एक खरा सिग्नल सोडून पाहिला होता. पडदा कोरा!

तृप्तीला चूक लगेच दिसली आणि कान तापले. ज्या सिग्नलचा ठेका नेमका त्या चौघांच्या फेरीइतका असतो, तो प्रत्येकाला दर वेळी एकाच जागी भेटतो. तोही रोज तसाच, न चुकता. प्रोग्रॅमनं त्याला दोष समजून गिळून टाकलं होतं.

“पाचवा मोजणारा घालावा लागेल,” ती म्हणाली. “त्याच्या भरवशावर एकेकाला पाळीतून बाजूला घ्यायचं, ओळखीचा सिग्नल द्यायचा, आणि मगच ठरवायचं. नुसतं नेहमी येतं म्हणून वजा करायचं नाही.”

दुपारी झिपरूचा फोन आला. पेठ नाक्यावरून सुरगाण्याला जीप चालवणारा, पाड्यावरचाच.

“तृप्ती बाय, पोतं घेऊन जा की. नाक्यावर चहावाल्याकडं हाय. तुझ्या बानं ठेवलंय, नवा तांदूळ आन नागली.”

“बाबांनी पाठवलंय?”

“पाठवलं नाय, तो सोता आलता काल. दिसभर नाक्यावर बसला. म्या म्हनलं, फोन लावतो तिला. तं म्हने, टेकडीवरून पुरा वाजवला हाय, तिला ठावं हाय. येत नाय म्हंजी कामात आसंल, खोळंबा नको.”

“मग?”

“मंग काय. शेवटच्या जीपला म्याच परत नेला. घराला कुलूप लावून आलता बाय. कोंबड्या भी वाटून टाकल्या व्हत्या.”

कालची ती ओळ तिनं पुन्हा उघडली. ‘बाबा, मिस्ड कॉल.’ परवाची, तेरवाची, सगळ्या सारख्याच. एकदा वाजलेला कुठला आणि पुरा वाजलेला कुठला, फोनला काय पडलंय? तिनं मात्र ऐकायला हवं होतं. ती लॅबमध्ये एकटीच मोठ्यानं रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं रिंग चालू केली, मीटिंग सोडली आणि दुसऱ्या गादीवर नवी चादर घालून तिथंच फोन हातात धरून बसली. वाजला की उचलायचा, ठराव गेला खड्ड्यात.

फोन वाजला. तिचं बोट पडद्यावर टेकायच्या आत कापला गेला. तिनं उलट लावला, पुन्हा लावला, पुन्हा लावला, लागलाच नाही. बाबा टेकडी उतरायला लागले होते. एकदाच वाजला होता, म्हणजे ठरल्याप्रमाणे सगळं ठीक होतं.