बोटीवरची पंगत

केजच्या बाजारात बजरंगचं बी-बियाणं आणि औषधांचं दुकान आहे. त्या वर्षी दुकानानं एका कंपनीचं टारगेट पुरं केलं आणि बक्षीस म्हणून नवरा-बायकोला बोटीची सहल लागली. मुंबईला बोटीत बसायचं, गोव्याला टेकायचं आणि परत यायचं. तीन रात्री पाण्यावर. सोबत जिल्ह्यातले असेच टारगेट पुरे केलेले दुकानदार, सगळे जोडीनं.

पण निघायच्या आठवड्यातच दुकानातला गडी काम सोडून गेला. हरभऱ्यावर अळी पडलेली, गिऱ्हाईक उजाडायच्या आत शटरपाशी उभं. दुकान बंद ठेवायची सोयच नव्हती.

"तू जा," बजरंग बायकोला म्हणाला. "आईला घिऊन जा. नाव बदलून देतो म्हणलेत कंपनीवाले."

संगीताचं लाटणं थांबलं. "आत्याबाई येतेत व्हय? त्यांना इचारलं का?"

"यिन की," ओसरीवरून आवाज आला. भामाबाई लसूण सोलत बसल्या होत्या. "समुद्र कुठं बघितलाय मी अजून."

झालं, ठरलं. संगीताच्या मनात मात्र धाकधूक. सासू खाष्ट होती अशातला भाग नव्हता. भामाबाई मेंढरामागं रानोमाळ हिंडलेली बाई, बोलणं कमी आणि काम जास्त. नवरा, बंकट, गेल्यावर त्यांनी मेंढरं विकून पोराला दुकान घालून दिलं होतं. वीस वर्षं दोघी एका चुलीपाशी वावरल्या. पण पीठ संपलं, दूध तापलं, पाणी आलं, यापलीकडं बोलणं म्हणून झालं नव्हतं. तीन दिवस एका खोलीत करायचं काय?

तरी जायची ओढही तितकीच होती. अकरावीतल्या लेकीनं, संस्कृतीनं, आईला मोबाईलवर बोटीचा व्हिडिओ दाखवला होता. एक अख्खा मजला नुसता खायच्या जिनसांनी भरलेला. माणसं आपापलं ताट घेऊन फिरतात, हवं ते घेतात, नको ते सोडतात. कुणी कुणाला विचारत नाही. संगीतानं तो व्हिडिओ किती वेळा पाहिला असेल, तिचं तिलाच ठाऊक. सासूला गोडसर आमटी, नवऱ्याला झणझणीत, पोरीला तेल कमी, हे सगळं तिला पाठ होतं. स्वतःला काय आवडतं ते मात्र तिला झटकन सांगता आलं नसतं. तिथं ते कळेल, असं तिला वाटत होतं.

मुंबईच्या धक्क्यावर सामान तपासणाऱ्यांनी भामाबाईंची धपाट्यांची आणि चटणीची पुडकी काढून ठेवली. घरचं खाणं बोटीवर चालत नाही म्हणे.

"मग खायचं काय?" भामाबाईंनी विचारलं.

"लई हाय खायला, मावशी," पाटोद्याचा राधाकिशन हसत म्हणाला. त्याचं खतांचं दुकान होतं आणि ही त्याची दुसरी सहल, त्यामुळं सगळ्यांचा पुढारी आपोआपच तो झाला होता. "जेवायच्या दोन जागा हायेत. वर बफे. हातानं घ्या, कितीबी खा. खाली डायनिंग रूम. तिथं टेबलावर आणून देतेत, पण कपडे नीट पायजेत, वेळ आदी सांगावी लागती, आन् समदं इंग्रजीत. आपल्याला बफेच बरा."

संगीताला हायसं वाटलं. पैसे दोन्हीकडचे भरलेलेच होते. पण काटे-चमचे, इंग्रजी आणि टक लावून बघणारी माणसं तिला नको होती.

रात्री दोघी वरच्या मजल्यावर गेल्या. दिव्यांचा लखलखाट होता. वाफाळणारी भांडी एका ओळीत मांडलेली, आणि त्यांच्यापुढं ताटं धरून उभी असलेली माणसांची लांबच लांब रांग. संगीतानं दोन ताटं उचलली आणि एक सासूपुढं केलं. भामाबाईंनी ताटाकडं पाहिलं, रांगेकडं पाहिलं आणि ताट न घेताच त्या मागं फिरल्या.

"आत्याबाई, काय झालं?"

"मला भूक न्हाई. तू जेव."

खोली शोधत त्या गेल्यासुद्धा. संगीता एकटी रांगेत उभी राहिली. पनीर घेतलं, कसलासा लाल भात घेतला, आधी गुलाबजाम खाल्ला आणि मग पोळी. कुणी हसलं नाही. गंमत वाटत होती, पण राधाकिशनच्या बायकोनं, रतनबाईनं, "सासूबाई कुटं हायेत?" असं विचारलं आणि संगीता उठली. शेवटी तिनं एका ताटात दहीभात, वरण, पोळी घेतली, वर दुसरं ताट झाकलं आणि खोलीत नेलं. भामाबाईंनी मुकाट्यानं खाल्लं.

सकाळी नाश्त्याला पुन्हा तेच. "तू जाऊन ये. मला चहा आन, बास."

मग मात्र संगीताचा तोल गेला. "आत्याबाई, मी घरी वाढते ते वाढते, इथंबी वाढायलाच आले का? वीस वर्षांत पैल्यांदा बाहेर पडले. हातानं घ्यायला काय झालं तुमाला?"

असं ती कधी बोलली नव्हती. भामाबाईंनी तिच्याकडं पाहिलं, पदर सावरला आणि म्हणाल्या, "चल, भाईर जाऊ. हितं जीव कोंडतोय."

वरच्या मोकळ्या जागेत वारा सुटला होता. चारी बाजूंना पाणीच पाणी. कठड्याला धरून भामाबाई पाण्याकडंच बघत बोलायला लागल्या.

"बहात्तरचा दुष्काळ तुला ठाऊक न्हाई. मी आपल्या संस्कृतीपेक्षा लहान व्हते. आमी समदे दुष्काळी कामावर खडी फोडाया जायचो. दुपारी सुकडी मिळायची, गोडसर पिठावानी. ताटली घिऊन रांगेत उभं राहायचं. एक दिवस माय तापानं पालात पडून व्हती. मी माझी सुकडी खाल्ली, आन् मायसाठी परत रांगेत उभी राहिले. म्हाळू कडंवर व्हता, माझा भाऊ. नंबर आला तर मुकादमानं वळखलं. दंडाला धरून भाईर वढलं. 'ही दुसऱ्यांदा आली, चोर हाय ही,' म्हणून समद्यांपुढं वरडला. ताटली फेकली माझी. मी मायचं नावबी सांगू शकले न्हाई, तोंडच उघडंना."

संगीतानं त्यांचा वाऱ्यानं उडणारा पदर धरला.

"तवापासून ताट घिऊन रांगेत न्हाई उभी राहिले. लग्नात जिथं बफे असंल तिथं जेवतच न्हाई मी. तुला वाटत असंल म्हातारी मिजाशी हाय."

"तसंच वाटलतं," संगीता खरं ते बोलली. "सांगितलं न्हाई कावून कदी?"

"काय सांगायचं त्यात."

समोरून एक पांढरा पक्षी बोटीबरोबर उडत चालला होता. संगीता म्हणाली, "आज खालच्या डायनिंग रूममधी जाऊ. तिथं बसल्या जागी वाढतेत."

"तुला तर वरच आवडतंय."

"बघू की एक दिवस."

म्हणायला म्हणाली, पण तिथलं इंग्रजी तिला अजून नकोच होतं. दुपारी ती एकटीच खालच्या मजल्यावर गेली. दाराशी टेबलामागं काळ्या कोटातली एक मुलगी उभी होती. संगीतानं मनातल्या मनात हिंदी जुळवली. "रात को दो लोग. मैं और मेरी सास. आने का?" मुलीनं हसून खोलीचा नंबर विचारला आणि वेळ सांगितली. एवढंच. वर येताना संगीताला आपण जिना चढतोय हेसुद्धा जाणवलं नाही.

संध्याकाळी तिनं मोरपंखी साडी नेसली. भामाबाईंनी हिरवं लुगडं काढलं, कपाळाला ठसठशीत गंध लावलं. वाटेत राधाकिशन भेटला. "वैनी, वाटीभर सूप देतेत तिथं. उपाशी परत येताल."

"येऊ द्या," संगीता म्हणाली. "मग वर येऊन जेवू."

खिडकीजवळचं टेबल मिळालं, दोघींपुरतं. शुभ्र चादर, फुलं, मंद दिवे. वाढपी पोरगा डोंगरी मुलखातला वाटत होता. त्यानं घडी उलगडून रुमाल भामाबाईंच्या मांडीवर पसरला, तशा त्या दचकल्या आणि मग तो दोन्ही हातांनी नीट सारखा करून बसल्या. जेवणाचं कार्ड इंग्रजीत होतं. संगीता अक्षरं लावत वाचायला लागली. 'सूप' कळलं, 'पोटॅटो' कळलं, पुढं गाडी अडली. तिनं कार्ड खाली ठेवलं आणि त्या पोराला सरळ सांगितलं, "भैया, हमको इसमें का बहुत समझता नहीं. तुम बताओ."

पोरानं एकेक पदार्थ समजावून सांगितला. भामाबाईंनी मध्येच विचारलं, "त्याला म्हण, तिखट काय हाय?"

आधी सूप आलं. ते संपलं. मग काहीच आलं नाही. भामाबाईंनी इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "झालं व्हय? राधाकिशन खरंच बोलत व्हता." संगीताला हसू फुटलं, ते आवरेना. भामाबाईसुद्धा पदराआड हसायला लागल्या. तेवढ्यात पोरगा भाजी, आंबट वरण, भात आणि गरम रोट्या घेऊन आला.

पाणी संपलं तशी संगीता सवयीनं उठायला लागली.

"बस खाली," भामाबाई म्हणाल्या. "वाढू दे त्याला."

ती बसली. तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं की सासूसमोर बसून, एकाच वेळी, ती आज पहिल्यांदा जेवत होती. घरी आधी बजरंग, संस्कृती आणि आत्याबाई. तिचं ताट सगळ्यात शेवटी, ओट्यापाशी.

"हे आंबट वरण आवडतंय का तुला?" भामाबाईंनी विचारलं.

"लई आवडतंय. मला असंच आवडतं. गूळ नसलेलं."

"मग घरी गूळ कावून टाकतीस?"

"तुमाला लागतो म्हणून."

"मला?" भामाबाईंचा घास हातातच राहिला. "अगं, तुझ्या सासऱ्याला लागायचा. मी आपली खाते. तू टाकतीस म्हणून."

खिडकीबाहेर काळोखात दूरवर एका मच्छीमार बोटीचा दिवा हलत होता. जेवण लांबलं. शेवटी आईस्क्रीम आलं. तोवर भामाबाईंनी मेंढरांचं, पावसात भिजलेल्या पालांचं, बंकटच्या रागाचं पुष्कळ सांगितलं. संगीतानंही तिच्या चौसाळ्याच्या माहेराचं सांगितलं, आणि नर्सिंगला जायचं होतं तेही सांगितलं. हे बजरंगलासुद्धा ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, शेवटच्या संध्याकाळी, संगीता पुन्हा खाली वेळ सांगायला निघाली. भामाबाई पलंगावर बसून केस विंचरत होत्या. "नगं सांगू," त्या म्हणाल्या. "आज वर जाऊ. तुझ्या तिकडं."

"आत्याबाई, माझ्यासाठी नगं. मला खाली आवडलंय आता."

"तुझ्यासाठी न्हाई."

वरच्या मजल्यावर रांग तशीच होती. संगीता म्हणाली, "तुमी बसा, मी आणते." भामाबाईंनी मान हलवली आणि स्वतः ताट उचललं. दोन्ही हातांनी छातीशी धरलं, बोटं पांढरी पडेपर्यंत. संगीता त्यांच्या मागं उभी राहिली. रांग पुढं सरकत होती. पहिल्या भांड्यापाशी आल्यावर भामाबाई थांबल्या. मागचे लोकही थांबले. पलीकडं उभ्या असलेल्या आचाऱ्यानं झाकण उघडून धरलं. त्यांनी पळी उचलली आणि थोडासा भात घेतला. मग भाजी घेतली. मग जिलेबीचे दोन वेढे.

टेबलावर बसून त्यांनी सावकाश सगळं खाल्लं. मग त्या उठल्या, ताट घेतलं आणि पुन्हा जाऊन रांगेत उभ्या राहिल्या. संगीतानं हातातलं ताट खाली ठेवलं. ती उठून त्यांच्याजवळ गेली. भामाबाई त्याच आचाऱ्यासमोर आल्या आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मी दुसऱ्यांदा आले."

आचाऱ्याला मराठी येत नसावं. त्यानं संगीताकडं पाहिलं.

"बोलती हैं, दूसरी बार आई हूँ," संगीता म्हणाली.

"तो क्या हुआ, माँजी?" तो हसला. "तीसरी बार भी आओ." आणि मागून आलेली ताज्या जिलेब्यांची परात त्यानं त्यांच्यापुढं सरकवली.

भामाबाईंनी एक जिलेबी घेतली. डोळे भरून आले होते, पण त्यांनी पुसले नाहीत. तशाच ताट घेऊन टेबलाकडं चालत आल्या. रतनबाईनं विचारलं, "मावशी, बफे आवडला म्हणायचा!" तर म्हणाल्या, "बरा हाय. पण खाली गादीची खुर्ची हाय."

गावी परत आल्यावर बजरंगनं पहिलं तेच विचारलं, जेवणाचं कसं होतं? दोघी एकदमच सांगायला लागल्या, आणि कुठली जागा चांगली यावरून त्यांचं चांगलंच वाजलं. बजरंग चहाचा कप हातात धरून एकदा आईकडं, एकदा बायकोकडं बघत बसला. ह्या दोघी एकमेकींशी इतकं बोलतात हेच त्याला नवीन होतं.

रात्री भामाबाईंनी चुलीजवळची भांडी उचलून मधोमध आणून मांडली. "आपापलं घ्या," त्या म्हणाल्या. "आन् संगीता, तूबी बस." बजरंग काहीतरी म्हणणार होता, पण संस्कृतीनं त्याच्या हातात ताट दिलं आणि तो मुकाट्यानं आमटीकडं वळला.

जेवता जेवता भामाबाईंनी नातीला विचारलं, "संस्कृती, मोबाईलवर बघ बरं. रामेश्वराला जाती का गं बोट?"

"बघते, आजी," संस्कृती म्हणाली. "कुणाकुणाला जायचंय?"

"मी, तुझी आई," भामाबाईंनी बोटांवर मोजलं, "आन् माझ्या म्हाळूला फोन लाव. तो येतोय का इचार."