नख अडकत नाही

शटर

शुक्रवारची नमाज उरकून शाहेर घरी येऊन बसलाच होता. मन्सफचं ताट मधोमध, भातावर मटण, वरून दह्याचा गरम रस्सा ओतायचा तेवढा राहिलेला. तेवढ्यात पुढे त्याच्या गाड्या घासून चकाकवायच्या दुकानाच्या शटरवर लाथ बसली. मग दुसरी. मग जे आपटलं ते लाथेसारखं वाजलं नाही. माणसाचं डोकं वेगळं वाजतं.

त्याने शटर वर ओढलं तसा त्याचा धाकटा भाऊ रकान आत कोसळला, थेट पाण्याच्या बादलीवर. बादलीतलं पाणी आधी हललं, मग गुलाबी झालं.

मागून अबू सतम आला. भंगाराच्या यार्डाचा मालक. बहिणीच्या लग्नासाठी कडक इस्त्री केलेला पांढरा झगा, आणि बाहीवर रकानच्या रक्ताचे शिंतोडे. त्याच्या मागे त्याचा चुलतभाऊ जदआन, हातात नळाचा लोखंडी तुकडा. त्यांच्याही मागे, झरका शहराच्या पांढऱ्या उन्हात, काळी गाडी. बॉनेटवर फुलं, दारांच्या हँडलांना फुलं आणि रिबिनी. संध्याकाळी ह्याच गाडीतून नवरी सासरी जायची होती.

नवरी बसणार त्या मागच्या दारावर ओरखडा. हँडलखाली सुरू होऊन पार चाकापर्यंत.

"तुझ्या भावाने सही केलीय," अबू सतम म्हणाला. "बघून घे, उस्ता."

"अबू सतम, आधी बस. पाणी घे."

"पाणी तुझा भाऊ पितोय."

रकान बादलीतून तोंड वर काढत होता. गेल्या वर्षी तो ह्याच माणसाच्या दारात थोरामोठ्यांना घेऊन त्याच्या बहिणीला मागणी घालायला गेला होता. कॉफीचा पेला पुढे आला. पाहुण्यांनी तो न पिता खाली ठेवला. मागणं मान्य झालं की प्यायचा. मान्य झालं नाही. कॉफी तिथेच गार झाली आणि सगळे उठून आले.

"केलंस की नाही?" जदआनने त्याचे केस धरले.

"दोघं मिळून एकाला धरलंत," रकान थुंकला. "वरातीलाही एवढीच माणसं आहेत का?"

"केलंस की नाही?"

"नोफाला विचार."

शाहेरने ते नाव आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मागणी घालतानासुद्धा ते कोणी उच्चारलं नव्हतं. परक्याच्या तोंडून बहिणीचं नाव, उघड्या शटरसमोर, भर गल्लीत.

नळी आली.

दात

बादलीच्या काठाला लागून टणकन वाजला.

चेहरा

"नावाचं मी दातावर मिटवलं," अबू सतम म्हणाला. त्याचा आवाज चढलाही नव्हता. "ओरखड्याचं बाकी आहे. जदआन, उजवा हात उंबऱ्यावर ठेव त्याचा."

रकान न्हावी होता. कात्री ह्याच हातात धरायचा, वस्तराही.

जदआनने त्याच्या पाठीत गुडघा रोवला, मनगट ओढून लोखंडी उंबऱ्यावर दाबलं, नळी उचलली. शाहेर त्या दोघांवरून उडी मारून गाडीकडे धावला.

"थांब! नख लावू दे! नख लावल्याशिवाय काही करू नकोस!"

ह्या धंद्यात सगळं नखावर असतं. ओरखड्यावर नख आडवं ओढायचं. अडकलं तर ओरखडा खोल, मग रंगाऱ्याकडे जा, फवारा मार, भट्टीत घाल. नाही अडकलं तर वरच्या कातडीचा आहे, हाताने जातो.

शाहेरने अंगठा ओढला. हँडलपासून चाकापर्यंत. गुळगुळीत. परत ओढला.

"नख अडकत नाही!" तो ओरडला. "हलका आहे! हाताने घालवतो, तिसऱ्या प्रहरी असरची अजान होईपर्यंत. डाग शोधायला भिंग लागेल."

"आणि नाही गेला तर?"

शाहेरने तळहात कपाळावरून हनुवटीपर्यंत फिरवला. "रकान माझ्या चेहऱ्यात."

नळी हवेत राहिली.

हा शब्द एकदा पडला की झरक्यापासून मआनपर्यंत कोणी हात खाली आणत नाही. चेहऱ्यातल्या माणसाला मारलं तर शब्द देणाऱ्याचा चेहरा फाडला असं धरतात, आणि फाडलेल्या चेहऱ्यापायी घराणी गाव सोडून गेलेली आहेत. पण चेहरा असाच देऊन चालत नाही. कशावर दिला ते सांगावं लागतं, आणि ते खरं निघावं लागतं.

"कशाच्या जोरावर?" अबू सतमने विचारलंच.

"नखाच्या. अडकलं तर माझा चेहरा गेला."

"ऐकलंस, जदआन? साक्षी राहा. हात खाली कर." अबू सतम पालथ्या डब्यावर बसला, झगा गुडघ्यांवर नीट केला. "असरपर्यंत हा उस्ताच्या चेहऱ्यात. नंतर मनगटावर भागणार नाही, कोपरापासून घेईन."

कागद

साबणाचं पाणी. सगळ्यात बारीक कागद, भिजवून मऊ केलेला. हात सरळ रेषेत चालवायचा, गोल नाही. गोल घासलं की उन्हात कोळ्याचं जाळं दिसतं. जोर बोटांनी नाही, तळव्याने द्यायचा. पाणी. घास. पाणी.

लोकांना वाटतं ओरखडा निघतो. ओरखडा कधी निघत नाही. त्याच्या भोवतालचं सगळं खरवडून त्याच्याइतकं खाली आणायचं असतं, म्हणजे मग तो दिसत नाही. घासणं म्हणजे मारणंच, फक्त हळू.

जदआनला हळू जमत नव्हतं. रकानला हात लावायचा नव्हता, म्हणून त्याने रकानच्या आजूबाजूचं सगळं धरलं.

"हा रेडिओ चेहऱ्यात आहे का?" धाड. रेडिओ फुटला.

"आणि हा डबा?" धाड. मेणाचा डबा भिंतीवर चपटा झाला.

"ही खुर्ची कुणाची? हिला कुणी चेहरा दिलाय?" खुर्चीचे पाय रकानच्या कानाजवळून गेले. रकानने डोळे मिटले, उघडले.

"दादा," तो रक्ताळल्या तोंडाने म्हणाला, "मन्सफ गार होतंय."

"गप बस."

"जदआनला एक ताट द्या. मारून मारून भूक लागली असेल."

भिंतीतली वीट रकानच्या डोक्यापासून चार बोटांवर फुटली. लाल भुकटी त्याच्या केसांवर पडली.

पाणी. घास. सरळ. पाणी.

फडकं

ओलं असताना ओरखडा नव्हता. दार काळ्या काचेसारखं. त्यात शाहेरला स्वतःचा चेहरा दिसला, त्यामागे नळी, त्यामागे ऊन.

पाणी सगळं झाकतं. म्हणून कोरडं करूनच बघायचं.

त्याने फडक्याने टिपलं. चाकाकडून गेला होता. मधला गेला होता. हँडलखाली, बोटाएवढा, राहिला होता. पांढरा.

त्याने अंगठा ओढला. काही लागलं नाही. परत ओढला. डोळ्यांना दिसत होता आणि अंगठ्याला लागत नव्हता.

मग त्याने अंगठ्याकडे पाहिलं.

सकाळी नमाजेआधी तो पायरीवर बसून नखं कापत होता. दर शुक्रवारी कापायचा, बापाने शिकवली तशी, कातडीलगत, कणभरही न ठेवता. आणि शुक्रवारी दुकान बंद. शुक्रवारच्या अंगठ्याने त्याने आजवर एकही गाडी तपासली नव्हती. तपासायची वेळच आली नव्हती.

साक्ष नखाने दिलीच नव्हती. बोटाच्या मांसाने दिली होती. मांस सगळ्यावरून घसरतं. आणि त्याने त्यावर

त्यावर चेहरा

"काय झालं, उस्ता?" अबू सतमने डब्यावरूनच विचारलं. "हात थांबला."

"फडकं बदलतोय."

बूटपॉलिश

काळं. नमाजेला जाताना बुटांना लावलेलं, डबी खिडकीत उघडीच होती. शाहेरने पाठ मधे धरली, बोटावर पॉलिश घेतलं, चिरेत भरलं, वरून मेण फिरवलं, हलकेच पुसलं. पहिल्या पाण्यात निघून जाईल हे त्याला ठाऊक होतं. ह्या दुकानात अशी लबाडी करणाऱ्या कामगाराला त्याने एकदा थोबाडीत मारून हाकललं होतं.

रेघ गेली.

मशिदीचा भोंगा खाकरला. अजान सुरू झाली.

अबू सतम उठला. वाकून पाहिलं. बसून पाहिलं. उन्हाकडे तोंड करून तिरकं पाहिलं. त्याच्या कपाळाची आठी सैल झाली.

"गेला की रे," तो म्हणाला. आवाजात थोडी निराशाच होती.

आणि मग, सवयीने, त्याने करंगळी पुढे केली. उजव्या करंगळीचं नख त्याने वर्षानुवर्षं वाढवलं होतं. सिगरेटच्या पाकिटाचा कागद फोडायला, कान कोरायला, आणि आपल्याला हातांनी काम करावं लागत नाही हे दाखवायला. शुक्रवारी नऊच नखं कापायचा.

त्याने ते ओढलं.

टिक्.

नखाखाली काळं आलं होतं. त्याने ते नाकाशी नेलं.

"बूटपॉलिश." तो शाहेरकडे वळला. "चेहऱ्यालाही हेच लावतोस का, उस्ता?"

लोखंड

जदआनला सांगावं लागलं नाही. रकानचं मनगट परत उंबऱ्यावर.

"दादा, सोड आता," रकान जमिनीला गाल लावून म्हणाला. "मीच केलंय. हँडलपाशी जोर दिला. मुद्दाम दिला. तिथे तिचा हात लागला असता."

नळी वर गेली.

शाहेरने फळीवरून जाडा कागद ओढला. गंजलेल्या लोखंडाचा, दगडासारखा खरखरीत. मुठीभोवती गुंडाळला. आणि दारावर मूठ

ओढली. हँडलपासून चाकापर्यंत. परत. चकाकी गेली. परत. काळा रंग भुकटी होऊन उडाला. परत, आडवी. परत, तिरकी, गोल, कशीही. खालचा करडा थर फाटला, त्याखाली पत्रा किंचाळला. मुठीचं कातडं गेलं, कागद फाटला, तो उघड्या सांध्यांनी घासत राहिला. काळं, करडं, लाल. आयुष्यभर त्याचा हात ह्याच्या उलटं करत आला होता आणि आता सगळं एकदम परत घेत होता. रिबीन तुटली. फुलं चिरडली. जदआन नळी धरून तोंड उघडं टाकून उभा.

शाहेर थांबला तेव्हा अजान संपलेली होती.

"दाखव," तो धापा टाकत म्हणाला.

"वेडा झालास?"

"माझ्या भावाचा ओरखडा कुठला? दाखव. बोट ठेव त्यावर."

अबू सतमने दाराकडे पाहिलं. त्यावर बोट ठेवायला जागा नव्हती.

"चेहरा गेला माझा. कबूल. पण हे दार मी फाडलं. ज्याने फाडलं त्याचा हात घे. की एका दाराला दोन हात मागणार? मागून बघ. थोरामोठ्यांत बसून सांग, एका दाराला दोन घेतले म्हणून."

तो गुडघ्यांवर बसला. रकानचं मनगट जदआनच्या बुटाखालून ओढून काढलं आणि तिथे स्वतःचं ठेवलं.

"दादा, नको!"

अबू सतम बराच वेळ करंगळीतलं पॉलिश अंगठ्याने कोरत राहिला.

"एका दाराला एकच," तो शेवटी म्हणाला. "उस्ताचा."

पहिला फटका मनगटावर. शाहेरला तो आधी ऐकू आला, मग कळला. दुसरा बोटांवर. तिसऱ्याच्या वेळी रकानने जदआनच्या पोटरीत दात रोवले, उरलेले सगळे. जदआन बोंबलला, नळी उंबऱ्यावर बसली, ठिणगी उडाली. पण हाताचं काम तोवर झालं होतं.

गाडी निघाली तेव्हा फाटक्या दारावर कुणीतरी लाल गालिचा अंथरून काचेत अडकवला होता. संध्याकाळी वरात गल्लीवरून गेली. भोंगे, हवेत गोळ्या, बायकांचे आनंदाचे चीत्कार. मागच्या काचेत पांढरं काहीतरी होतं. रकान बघायला उठला नाही.

नख

शुक्रवार. पायरीवर ऊन. शाहेरचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, बाहेर फक्त बोटांची टोकं, अजून जांभळी. रकान पुढे उकिडवा बसून त्याची नखं कापत होता. न्हाव्याचा हात, हलका. बोलताना दाताच्या फटीतून शिट्टी वाजायची.

"उस्ता म्हणवतोस आणि नखं बघ. भुतासारखी वाढलीत."

"काप गपचूप. नमाजेला उशीर होतोय."

करंगळी झाली. तिच्या शेजारचं झालं. मधलं, तर्जनी. कात्री अंगठ्याशी आली तसा शाहेरने हात मागे घेतला.

"हे राहू दे."

"शुक्रवार आहे, दादा."

"अंगठ्याचं राहू दे."