शकुनबाईंचा राजीनामा

माझं अक्षर चांगलं आहे. ही फुशारकी नाही. याच अक्षराने मी एका बाईच्या पोटावर पाय आणला.

तुमसरच्या एका राइस मिलमध्ये मी कारकून. शकुनबाई तिथे बावीस वर्षं तांदळातले खडे आणि काळे दाणे निवडायच्या. आमच्याच मोहल्ल्यातल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, म्हणून रेशनकार्डापासून मुलीच्या शाळेच्या अर्जापर्यंत त्यांचे सगळे कागद मीच लिहायचो. मी लिहायचं आणि त्यांनी अंगठा द्यायचा. "काकू, काय लिवलं ते त इचारत जा," असं मी चिडवायचो. त्या नुसत्या हसायच्या.

गेल्या दिवाळीनंतर मिलमध्ये दाणे निवडणारं मशीन आलं. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"कामावरून काढलं म्हटलं की नोटीस द्या, भरपाई द्या, लेबर ऑफिसले उत्तरं द्या. हे लचांड कायले पायजे? शकुनबाईनं सोताहून सोडलं असं लिहून घे."

मी तोंड उघडायला हवं होतं. मी कागद उघडला. 'घरगुती अडचणीमुळे मी स्वखुशीने काम सोडत आहे.' त्यातली घरगुती अडचण माझीच. मालकांना ती सुचली नसती.

"काकू, अंगठा पायजे," मी म्हणालो. शकुनबाईंनी कोंड्याने माखलेला हात पदराला पुसला आणि अंगठा दिला. कसला कागद ते विचारलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांना फाटकावरच अडवलं. "मी कई सोडलं काम?" असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला विचारत होत्या. मी ऑफिसातून बाहेर आलोच नाही. एवढा भेकड माणूस मी आरशाशिवाय कुठे पाहिला नाही.

त्यांच्या मुलीने, रेणूने, वकील गाठला. भंडाऱ्याच्या कामगार न्यायालयात केस लागली. मागणी एकच होती, काम परत द्या. मालकांनी साक्षीला मला उभं केलं. तारखेला जाताना गाडीत सहज म्हणाल्यासारखं म्हणाले, "कुलदीप, ऑफिसातलेही दोन माणसं कमी करा लागन आता." मला तेवढं पुरलं.

आधी शकुनबाईंची साक्ष झाली. आमच्या, म्हणजे मालकांच्या, वकिलाने विचारलं, "वाचून घेतल्याशिवाय अंगठा कसा दिला?"

"लिवणारा आपला कुलदीप होता, साहेब. वाचून कायले घ्याचा?"

मग मला बोलावलं. राजीनामा बाईंना वाचून दाखवला होता का? वाटेभर मी 'नाही' घोकत आलो होतो, खरंच.

"हो," मी म्हणालो. "दोनदा वाचून दाखवला."

दोनदा कशाला म्हणालो, देव जाणे.

शकुनबाईंचा वकील ताडकन उठला. आता तो माझी सालटी काढणार होता, आणि मला ती काढून हवी होती. एका प्रश्नात मी खरं ओकलो असतो. पण शकुनबाईंनी मागून त्याचा काळा कोट धरला.

"राहू द्या, साहेब. त्याले काही बोलू नोका. कुलदीप म्हणते त वाचला असन. मीच भुलली असन."

आणि माझ्याकडे बघून त्यांनी हात जोडले, उगाच मला कोर्टात आणलं म्हणून.