निरीक्षणाचा रकाना

तिने बाबांच्या हातातलं पेन काढूनच घेतलं.

"द्या इकडे. अर्धा तास झाला, अजून भिंगरीवरच अडलाय."

बाबांनी तक्ता निमूटपणे पुढे सरकवला. प्राणिसंग्रहालयात बावीस वर्षं पिंजरे सांभाळलेल्या या माणसाला रोजचा तक्ता इंग्रजीत भरायचा हुकूम गेल्याच महिन्यात आला होता. डॉक्टर एक, जनावरं तीनशे. आदल्या दिवशीचे तक्ते पाहूनच सकाळी कुठल्या पिंजऱ्याकडे जायचं ते ठरायचं. भिंगरी हे बाबांचं लाडकं पाणमांजर. दिवसभर पाण्यात गरगर फिरायची, म्हणून ते नाव.

"सांगा, काय केलं आज तिनं?"

"पाण्यात उतरलीच नाही गं. काठाला बसून होती. मासा तोंडात धरला नि ठेवून दिला."

"बाबा, ही तर कादंबरी झाली. निरीक्षणाचा रकाना बघा केवढा, नखाएवढा. इथे एकच शब्द बसतो. पण असा, की वाचणारा गार झाला पाहिजे."

शाळेत नुकतीच निसर्गवर्णनाच्या इंग्रजी शब्दांची स्पर्धा झाली होती. झाडं, पानं, पक्षी, प्राणी मिळून दोनशे शब्द. तिचे एकशे अठ्ठ्याण्णव बरोबर आले. तेव्हापासून घरात साधं बोलणं बंदच होतं. खिडकीतली कुंडी 'लश' होती, भिंतीवरची पाल 'ॲजाइल', आणि रविवारी दुपारी आई झोपत नव्हती, 'हायबरनेट' करत होती. आईच्या मते पोरगी हाताबाहेर गेली होती. बाबांच्या मते ती आभाळाला हात लावून आली होती.

तिने ऐटीत लिहिलं, 'ट्रँक्विल'.

"म्हणजे काय?"

"म्हणजे सांजवेळचं तळं कसं असतं, तसं. गप्प बसली होती ना?"

"बसली तर होती," बाबा म्हणाले, आणि त्यांनी ओल्या शाईवर हलकेच फुंकर घातली.

दुसऱ्या दिवशी तिने 'सिरीन' लिहिलं, तिसऱ्या दिवशी 'प्लॅसिड'. एकच शब्द दोनदा वापरणं तिला कमीपणाचं वाटे. चौथ्या दिवशी बाबा हसत घरी आले.

"डॉक्टरबाईंचा निरोप आला. म्हणे तुमच्या तक्त्यासारखी भाषा कुणाची नाही."

"मग? मुलगी कुणाची आहे?"

"पण त्या बघायला का येत नाहीत?" चप्पल काढता काढता बाबांनी विचारलं. "मासा आता हुंगतसुद्धा नाही ती."

"तोंड नाही का तुम्हाला? सांगा की," आई आतून म्हणाली.

"सांगितलं. कचेरीतला म्हणतो, तक्त्यात लिहा. म्हटलं, रोज लिहितोय."

तिचं पेन क्षणभर थांबलं. 'नॉट ईटिंग' लिहावं का? पण ते दुसरीतल्या पोराने लिहिल्यासारखं दिसलं असतं. तिने लिहिलं, 'डोसाइल'.

पाचव्या दिवशी सकाळी भिंगरी काठावरच मेलेली सापडली.

दुपारी बाबांना बोलावणं आलं. "कागद इंग्रजीत देतील, वाचायला चल," म्हणून त्यांनी तिला शाळेच्या गणवेशातच सोबत नेलं. ती दाराशी उभी राहिली.

डॉक्टरबाईंनी चारही तक्ते टेबलावर ओळीने मांडले.

"जबड्यात गळू होतं. एवढंसं काम होतं, दोन दिवसांत खायला लागली असती. आणि तुम्ही मला काय कळवलंत? शांत. प्रसन्न. निवांत. गरीब स्वभावाची. मी समजले, मजेत आहे. रोज दुसरीकडे गेले."

बाबा तक्त्यांकडे बघत राहिले. त्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं नाही. मागून तिला त्यांचे फक्त कान दिसत होते, लालबुंद झालेले.

"हे तुम्हीच लिहिलंत?"

"हो. माझंच आहे."

"एवढे भारी शब्द येतात, मग 'खात नाही' एवढं लिहायला काय झालं होतं?"

"नाही सुचलं."

ती एक पाऊल पुढे आली. वाक्य घशाशी तयार होतं. बाबांनी पाठीमागे बांधलेल्या हातांतला एक पंजा उघडला आणि तिला तिथेच थांबवलं.

"उद्यापासून गोदामात. जनावरांजवळ जायचं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. सही केलेला कागद पुढे सरकवताना त्यांची नजर दाराकडे गेली आणि आवाज जरा मऊ झाला.

"तुझे वडील का? कितवीत आहेस गं?"

तिने उत्तर दिलं. ताठ मान, स्वच्छ उच्चार, अख्खं वाक्य इंग्रजीत. शाळेत पाहुणे आले की द्यायची तसं. तोंडातून गेल्यावरच तिला ते ऐकू आलं.

बाबांच्या चेहऱ्यावर सवयीने कौतुक उमटलं. त्यांनी ते लगेच पुसलं, पण तोवर डॉक्टरबाईंनी पाहिलं होतं. त्यांनी बापाकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, मग एकेक करून चारही तक्ते उचलले आणि फायलीत पालथे घातले.

"कागद वाचून दाखव त्यांना," त्या म्हणाल्या. "त्यांना कळेल असा."