डिफरन्शियलच्या तळाचा बोल्ट

माझ्या टोकावर साचलेला लेप त्या सकाळी दोन मिलिमीटर जाड होता. रंग काळपट राखाडी, त्याला अगदी किंचित चमक, आणि स्पर्श काजळासारखा मऊ. चार वर्षांत आणि अकरा हजार किलोमीटरमध्ये जमलेला लेप तो एवढाच.

मित्रांनो, मी एक जुना बोल्ट आहे. तुमच्यापैकी कुणी मला पाहिलं असेल असं वाटत नाही, कारण मला पाहायचं तर जमिनीवर उताणं झोपून गाडीच्या पोटाखाली सरकावं लागतं. माझी गाडी बुटकी, लाल, दोनच माणसं बसतील अशी स्पोर्ट्‌स कार आहे. तिच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध भोपळ्याएवढा एक अ‍ॅल्युमिनियमचा डबा आहे. त्याला डिफरन्शियल म्हणतात. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला लांबचा रस्ता पडतो आणि आतल्या चाकाला जवळचा. दोघांना एकाच वेगानं फिरवलं तर एक जण फरफटत जाईल. हा डबा ज्याला जेवढं हवं तेवढं फिरू देतो. सख्ख्या भावंडांतही इतकी समजूत क्वचितच दिसते. डब्यात दातेरी चाकं दाट तेलात बुडून फिरतात. ते तेल काढून टाकायचं भोक तळाशी आहे, आणि ते भोक बंद ठेवणं हे माझं काम.

मी कुठल्या मोठ्या कारखान्यातून आलो नाही. मला बाबांनी घडवलं. या घरात सगळे त्यांना बाबा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. माझा तर हक्कच आहे. बाबा एका वर्कशॉपमध्ये तीस वर्षं लेथवर टर्नर होते. ही गाडी त्यांनी भंगारातून, चाकंही नसलेली, उचलून आणली आणि सात वर्षं सुट्टीच्या दिवशी खपून उभी केली. मूळचा बोल्ट झिजला होता. तेव्हा त्यांनी षटकोनी पोलादी सळईचा एक तुकडा लेथला लावला, माझे आटे कापले, माझ्या टोकात भोक पाडलं आणि त्यात करंगळीच्या नखाएवढा लोहचुंबक दाबून बसवला. दाते फिरताना झिजून जी लोखंडाची भुकटी तेलात मिसळते, ती मी धरून ठेवावी, पुन्हा दात्यांत जाऊ देऊ नये, यासाठी. उरलेल्या सळईतून त्यांनी माझा भाऊ केला. तो डब्यावर माझ्यापासून वीतभर वर, तिरक्या बाजूला बसतो. त्याच्या भोकातून नवं तेल भरतात. आमची डोकी अगदी सारखी, दोघांना एकच पाना लागतो. गाडीखालून पाहिलं तर आम्ही शेजारी शेजारीच दिसतो. म्हणून बाबांनी त्याच्या डोक्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला. माझं डोकं मात्र त्यांनी घासूनपुसून लख्ख ठेवलं.

तेल बदलताना बाबांचा एकच कडक नियम होता. आधी वरचा बोल्ट उघडायचा, मगच खालचा. त्यांची मुलगी लहान असल्यापासून त्यांनी तिच्याकडून तो पाठ करून घेतला होता. कारण साधं आहे. खालचा उघडून जुनं तेल सोडून दिलं आणि मग वरचा निघालाच नाही, तर नवं तेल भरणार कुठून? जुनं घर सोडायचं आणि मग नव्या घराची किल्ली सापडत नाही म्हणायचं, तशी गत होते. गाडी जागची हलवता येत नाही.

बाबांचे हात मी ओळखतो. पाना माझ्यावर बसला की तो त्यांनी बसवला की दुसऱ्या कुणी, हे मला लगेच कळतं. ते कधी झटका देत नाहीत. आधी पाना डोक्यावर नीट टेकला आहे ना ते अंगठ्यानं चाचपतात, मग जोर लावतात. वर्कशॉपमध्ये केसाच्या जाडीचा फरक ते बोटानं सांगत, असं त्यांचे जुने सोबती अजूनही सांगतात. मला ते खरं वाटतं.

पण दोन वर्षांपासून गाडीजवळ उभ्या घरातल्यांच्या बोलण्यात एक विषय पुन्हा पुन्हा यायचा. पत्र्यातून मला सगळं ऐकू येतं. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डॉक्टरांनी ऑपरेशन करा म्हणून सांगितलं होतं, आणि तोवर गाडी चालवू नका असंही. बाबा गाडी चालवायचे थांबले, पण ऑपरेशनचं नाव काढलं की त्यांना काहीतरी काम आठवायचं.

"उन्हाळा संपू दे म्हणालात, संपला," आई, म्हणजे मुलीच्या आई, म्हणायच्या. "थंडी सरू दे म्हणालात, सरली. आता तुमच्यासाठी नवा ऋतू कुठून आणू?"

"अगं, दिसतंय मला सगळं."

"हो, काल शेजारणीला मी समजून हाक मारलीत. ती बिचारी अजून हसतेय."

बाबा त्यावर स्वतःही हसायचे आणि विषय तिथेच राहायचा. मुलगी कधी बोलायची नाही. ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. नमुना पाहिल्याशिवाय मत द्यायचं नाही, ही तिची सवय. बाबा तिला इन्स्पेक्टर म्हणतात.

त्या सुट्टीच्या सकाळी तेल बदलायचं ठरलं. तेल कोमट असलं की चांगलं वाहतं, म्हणून आधी गाडी थोडी फिरवून आणतात. "तू मारून आण एक चक्कर," बाबा म्हणाले, "मी पसारा मांडतो." मुलीनं गाडी फिरवून आणली. मग दोघांनी जॅक लावून ती चार स्टँडवर उचलली. मुलीनं स्पिरिट लेव्हल ठेवून गाडी समतल आहे का पाहिलं, एका स्टँडखाली पातळ पट्टी सरकवली, पुन्हा पाहिलं. बाबा पुठ्ठ्यावर उताणे झोपून आत सरकले. दिवा त्यांनी छातीवर ठेवला होता.

पाना माझ्यावर टेकला.

मित्रांनो, मला आवाज असता तर मी तेव्हा ओरडलो असतो. त्या दिव्याचा उजेड माझ्या लख्ख डोक्यावर पडला होता, आणि पिकलेल्या मोतीबिंदूमागून पाहणाऱ्या डोळ्यांना उजेडाचा एवढासा कवडसाही पसरून पांढरा दिसतो. बाबांना तो ठिपका वाटला. ज्या हातांनी मला इतकं चकाकतं ठेवलं, त्याच हातांना माझ्या चकाकीनं फसवलं.

"निघतोय का वरचा?" मुलीनं बाहेरून विचारलं.

"निघतोय काय, लोण्यासारखा निघतोय!"

पुढच्या क्षणी मी त्यांच्या बोटांत होतो आणि काळं तेल त्यांच्या बाहीवरून खाली धावत होतं. मुलीनं घमेलं आत ढकललं. थोडं तेल घमेल्यात आलं, थोडं पुठ्ठ्यावर गेलं. मग ती स्वतः आत सरकली आणि वर पाहिलं.

"बाबा, हा खालचा आहे."

बाबांनी अंगठ्यानं माझं डोकं चाचपलं.

"ठाऊक आहे मला," बाबा म्हणाले. "मुद्दामच काढला."

"मुद्दाम?"

"बदल म्हणून. किती वर्षं एकच पद्धत!"

मुलगी हसली नाही आणि रागावलीही नाही. तिनं पाना घेतला आणि माझ्या भावाला लावला. तो हलला नाही. बाबांनी जोर लावला. तो हलला नाही. दोघांनी मिळून लावला, तरी तो ढिम्मच. पोलादाचा बोल्ट अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात चार वर्षं घट्ट बसला की दोन धातूंच्या मध्ये पांढरी बुरशी धरल्यासारखा क्षार साचतो आणि आटे जखडतात. मी दर क्षणी तेलात असतो, मला तो त्रास नाही.

इतक्यात घराचं मागचं दार उघडलं. "काय मेलंय इथे?" आईंनी नाकाला पदर लावून विचारलं.

"तेलातलं गंधक आहे, आई," मुलगी म्हणाली. "दाते एकमेकांवर घासू नयेत म्हणून घालतात."

"घासू देत की, पण हा वास! झालं का तुमचं?"

"वरचा बोल्ट अडकलाय," बाबा म्हणाले. "नळी लावून पाना लांब करतो. सुटेल."

"नको," मुलगी म्हणाली. "डोकं गोल होईल बोल्टचं. मग कायमचा अडकेल. आई, तुझा केस वाळवायचा ड्रायर दे."

"माझे केस वाळवायला म्हणून आणलेलं एक यंत्र, तेही गाडीलाच द्या," असं म्हणत आईंनी ड्रायर आणून दिला.

तापवलं की अ‍ॅल्युमिनियम पोलादापेक्षा जवळजवळ दुप्पट फुगतं. म्हणजे डबा तापला की भोक जितकं मोठं होईल, तितका बोल्ट जाड होणार नाही. फरक केसाहून बारीक, पण तेवढा पुरतो. मुलीनं सांडलेलं तेल पुसून घेतलं, मग दहा मिनिटं ड्रायर डब्यावर धरला. बंद करून हातानं ऊब पाहिली. पुन्हा दहा मिनिटं धरला.

दुसऱ्यांदा ड्रायर बंद झाला तेव्हा बाबा बोलले. दोघं शेजारी शेजारी उताणे पडले होते, त्यामुळे एकमेकांकडे पाहायची वेळच नव्हती.

"ठिपका दिसला मला," ते म्हणाले. "शपथेवर सांगितलं असतं."

"कळलं मला."

"तू चार वर्षांची असताना लेथवरून कीस उडाला होता माझ्या डोळ्यात. चष्मा न लावता काम करत होतो. चूक माझीच. डॉक्टरनं सुईनं काढला. डोळा उघडाच ठेवायचा होता ना, ती सुई जवळ जवळ येताना दिसत होती मला. अजून दिसते. तुझ्या आईला नाही सांगितलं कधी. तिला वाटतं मी आळशी आहे."

मुलगी म्हणाली, "मोतीबिंदूच्या ऑपरेशनला सुई येताना दिसत नाही, बाबा. आधी थेंब घालून डोळा बधिर करतात. नुसता उजेड दिसतो, रंगीत. आमच्या लॅबमधल्या दोघांनी करून घेतलंय, मी त्यांना विचारलं होतं."

"कधी विचारलंस?"

"गेल्या वर्षी."

"आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

तिनं पाना माझ्या भावाच्या डोक्यावर बसवला, अंगठ्यानं चाचपला, अगदी बाबांसारखा, आणि हळूहळू जोर वाढवत नेला. बारीक 'कट्' असा आवाज आला. भाऊ सुटला. तो आवाज मी विसरणार नाही. बाबांनी मुलीच्या खांद्यावर तेलकट हातानं थाप दिली आणि तिचा शर्ट कायमचा वाया गेला.

मग माझी पाळी आली. बाबांनी मला चिमटीत धरलं आणि माझ्या टोकावरचा थोडा लेप अंगठा आणि तर्जनी यांत चोळला. डोळे मिटून चोळला. "मऊ आहे," ते म्हणाले. "कण नाही, कीस नाही. दाते ठणठणीत आहेत." मुलीनं माझ्या टोकाला पट्टी लावून लेपाची जाडी मोजली, तो पांढऱ्या कागदावर पसरला आणि भिंगातून पाहिला. बाबांच्या बोटांनी जे सांगितलं होतं त्यात भिंगाला एक अक्षरही बदलावं लागलं नाही. तिनं ते त्यांना तसंच सांगितलं. मी पुष्कळ हात पाहिलेले नाहीत, पण ही बोटं पाहिली, हे माझं भाग्य.

मित्रांनो, जाता जाता एक सांगतो. जे दिसत नाही तेच आधी झिजतं. गाडी वरून रोज पुसणारे पुष्कळ असतात. तिच्या पोटातलं तेल चार वर्षांतून एकदा पाहणारे थोडे. तुमच्या घरात, तुमच्या माणसांत असं न दिसणारं जे काही असेल, त्याची विचारपूस वेळेवर करा. ते स्वतःहून बोलत नाही.

नवी तांब्याची चकती लावून मला पुन्हा माझ्या जागी बसवलं. माझं टोक आत, डोकं बाहेर. मुलगी बाहेर बसून हातपंपानं नवं तेल वरच्या भोकातून भरू लागली. मधाच्या रंगाचं, जाड, थंड तेल माझ्यावर चढत गेलं. चार वर्षांनी मला इतकं स्वच्छ वाटलं. तेल भोकाच्या काठाशी आलं आणि तिथून बारीक धार बाहेर पडू लागली की डबा भरला, मग थांबायचं. ती धार पाहून 'बस' म्हणायचं काम नेहमी बाबांचं. आजही ते दिवा घेऊन खाली पडून होते.

"भर," बाबा म्हणाले. "भर अजून."

धार सुरू झाली होती. माझ्या डोक्यावरून ओघळत ती खाली निघाली होती.

मुलगी वाकून पाहत होती. तिला धार दिसत होती. ती काही बोलली नाही. तिनं आणखी एकदा पंप दाबला.

"भर," बाबा म्हणाले.

तिनं पुन्हा दाबला. या वेळी तेल बाबांच्या मनगटावर पडलं. ते दचकले. त्यांनी दिवा बाजूला ठेवला, बोट वर नेलं, भोकाचा काठ चाचपला. तेल त्यांच्या बोटावरून, तळहातावरून, कोपरापर्यंत वाहत आलं. कितीतरी वेळ वाहत असलं पाहिजे, हे त्यांना तेव्हा कळलं. त्यांनी हात खाली घेतला आणि छातीवर ठेवला. बाहेर मुलीनं पंप ठेवून दिला होता. ती वाट पाहत होती. घाई केली नाही. मागच्या दारात आईही येऊन उभ्या राहिल्या होत्या, वासाची तक्रार न करता.

"इन्स्पेक्टर," गाडीखालून बाबा म्हणाले.

"हं, बाबा."

"त्या डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लाव. ऑपरेशन करून घेतो मी. दोन्ही डोळ्यांचं."