खिडकीबाहेरची खुर्ची

पालिकेच्या इमारतीत सिगारेट ओढायला बंदी करा, असा ठराव लाँड्रीवाल्या वहिनींनी तीनदा मांडला आणि तिन्ही वेळा तो एकमताने फेटाळला गेला. एकमताने, कारण वहिनींचं स्वतःचं मत खोकल्यात वाहून गेलं. या सभागृहात हात वर करायची पद्धत नव्हती. अध्यक्ष विचारायचे, "कोणाला काही बोलायचंय?" आणि जो बोलेल त्याचंच मत धरलं जायचं. खोकल्याची नोंद कोण घेणार?

अध्यक्षांना हे पक्कं ठाऊक होतं. वहिनींचा विषय निघाला की त्यांचा हात आपसूक खिशाकडे जायचा. ते पेटवायचे, मग त्यांच्या उजव्या-डाव्या हाताला बसणारे पेटवायचे, मग फुकटची मिळाली म्हणून आणखी दोघं. वहिनी उभ्या राहीपर्यंत समोरचा माणूस दिसेनासा व्हायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. फरक इतकाच, की इथे तोंड दाबायला कोणाला जागचं उठावंही लागत नव्हतं.

वहिनींची छाती आधीच अधू. अर्धं आयुष्य गरम इस्त्रीच्या वाफेत गेलेलं. तिसऱ्या बैठकीनंतर डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, की त्या खोलीत बसणं थांबवा, नाहीतर पुढच्या वेळी इथे चालत येणार नाही, उचलून आणावं लागेल. घरी नणंदेने तेच ऐकवलं. नणंद म्हणजे वहिनींची लाँड्रीतली भागीदार आणि जिभेची धारदार.

"राजीनामा दे आणि मोकळी हो," चादरीचं दुसरं टोक धरत ती म्हणाली. "त्या खुर्चीपायी जीव द्यायचाय का तुला?"

"जीव द्यायचा नाही," वहिनी म्हणाल्या, "आणि खुर्चीही द्यायची नाही."

नणंदेने कपाळाला हात लावला. मग दोघींनी उरलेल्या चादरींच्या घड्या घातल्या.

चौथ्या बैठकीला सदस्य जमले तर वहिनींची जागा रिकामी. नुसती रिकामी नाही, तिथली खुर्चीच गायब. अध्यक्ष मिशीत हसले. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "नमस्कार मंडळी."

सभागृह तळमजल्यावर होतं, खिडक्या मागच्या आवारात उघडत. वहिनी खुर्ची ओढत बाहेर घेऊन गेल्या होत्या आणि खिडकीच्या कठड्यावर कोपरं टेकवून ऐटीत बसल्या होत्या. मंडळी दचकली, कारण वहिनींचा खरा आवाज त्यांनी आजवर ऐकलाच नव्हता. धुलाईच्या यंत्रांच्या खडखडाटावरून पलीकडच्या गिऱ्हाइकाला हाक मारणारा आवाज होता तो.

अध्यक्षांनी आत यायला सांगितलं. वहिनी म्हणाल्या, इथून सगळं छान ऐकू येतंय. अध्यक्षांचा पारा चढला. भिंतीबाहेरचा सदस्य गैरहजर धरला जाईल, असं त्यांनी जाहीर करून टाकलं.

"बरं, मी गैरहजर," वहिनी म्हणाल्या. "आणखी कोणाला गैरहजर व्हायचंय?"

कोणी हललं नाही. हात दाखवून अवलक्षण केलं की काय, असं वहिनींना क्षणभर वाटलं. मग दाराजवळ नेहमी नाकाला रुमाल लावून बसणारे मास्तर उठले. कुठल्याच बैठकीत त्यांनी कधी तोंड उघडलं नव्हतं, आताही उघडलं नाही. खुर्ची उचलली आणि बाहेर गेले. त्यांच्यामागून बेकरीवाला निघाला. तो स्वतः ओढणारा, म्हणून अध्यक्षांनी त्याला हटकलं. मी माझ्या धुराने मरेन, तुमच्या कशाला, असं काहीसं पुटपुटत तोही गेला. एकदा बांध फुटल्यावर काय, खुर्च्या सरकल्याचे आवाज येतच राहिले.

आत अध्यक्ष, त्यांचे उजवे-डावे आणि चिटणीस एवढेच उरले. चिटणीसांनी घसा खाकरून सांगितलं, की एवढ्या माणसांत बैठक भरत नाही. बैठक पुढे ढकलावी, तर त्या दिवशी अध्यक्षांच्या नव्या सरकारी गाडीची मंजुरी होती, आणि गाडीचा रंगसुद्धा घरी ठरून बसला होता. अडला हरी गाढवाचे पाय धरी. अध्यक्ष आपली खुर्ची आपणच उचलून आवारात आले, मागोमाग उजवे-डावे आणि चिटणीसही.

वहिनींचा विषय पहिला होता. जित्याची खोड, अध्यक्षांनी सवयीने पाकीट काढलं, पेटवली आणि भला मोठा झुरका मारून धूर सोडला. वारा आला आणि तो भिंतीवरून पलीकडे घेऊन गेला. वहिनींना ठसकासुद्धा लागला नाही.

"ओढा की, अध्यक्षसाहेब," त्या म्हणाल्या. "तीन बैठका मी एवढंच सांगत होते, की बाहेर ओढा."

बेकरीवाला आधी हसला, मग मास्तर. वहिनींनी पहिल्यांदाच ठराव शेवटच्या शब्दापर्यंत वाचला. कोणाला काही बोलायचंय का, हे अध्यक्षांना विचारावंच लागलं. उजव्याने डाव्याकडे पाहिलं, डाव्याने जमिनीकडे. ठराव एकमताने मंजूर झाला, आणि वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं, ते धुराचं नव्हतं.

पुढचा विषय अध्यक्षांच्या गाडीचा होता. कोणाला काही बोलायचंय, असं त्यांनी घाईघाईने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता मंजूर लिहा म्हणून चिटणीसांना मानेने खुणावलं.

वहिनींनी छाती भरून श्वास घेतला.

"मला बोलायचंय," त्या म्हणाल्या.